मालक गेटवर झोपत नाहीत

पल्लवे, ये गं, अशी जवळ सरक. तू तिकडं नाशकात बसलीयेस हे मला कळतं, तरी पण सरक, कारण मला तुझा कान धरायचाय. जोरात नाही, हळूच. काल तू मला लिहिलंस, "मावशी, तो अतिरेकी हल्ल्यावरचा हिंदी पिक्चर बघितला, अंगावर काटा आला. सुरुवात जरा स्लो होती म्हणून पळवली." पळवली! अगं बये, त्या पळवलेल्या सुरुवातीत आमचे घरमालक होते! फोन कुकरला टेकवायचा, भाजी चिरत बघायचं आणि कंटाळा आला की बोटानं माणसं पुढं ढकलायची, हे काय बघणं झालं? आता शिक्षा म्हणून हे सगळं नीट वाच. यातलं काही पळवायचं नाही.

पिक्चर कुठल्या हल्ल्यावरचा ते मी इथं लिहीत नाही. खरंच घडलेलं आहे, खरी माणसं गेलीत, त्यांची घरं आहेत. मला सांगायचंय ते मालकांचं.

तुझे काका भोसरीत कंपनीत प्रेस मशीनवर लागले आणि आम्ही बीड सोडून इकडं आलो, तेव्हापासून रहाटणीचा फ्लॅट होईपर्यंत आम्ही मालकांच्या बिल्डिंगमध्ये होतो, थेरगावला. मालकांची चाकणच्या बाजूला बापजाद्याची जमीन. ती कारखान्यांत गेली. आलेल्या पैशातून त्यांनी थेरगावात तीन मजले बांधले, आणि जमीन गेली म्हणून कंपनीत नोकरी मिळाली. साहेब म्हणाले, स्टोअरला बसा, सावलीतलं काम आहे. हे म्हणाले, गेटवर उभा राहतो. कारण कंपनीचं गेट आलं होतं बरोबर यांच्या वांग्याच्या वावराच्या बांधावर. "माझ्या बांधावरनं कोण आत जातंय ते मी न्हाई बघायचं तर कुणी बघायचं?"

बावीस वर्षं बघितलं. गाडी मोठ्या साहेबाची असो की भंगारवाल्याची, मालकांचं एकच वाक्य, "बघितल्याबिगर आत न्हाई." एकदा म्हणे कंपनीचे शेठच नवी गाडी घेऊन आले. यांनी बोनट उघडायला लावलं. त्यांना ते उघडायचं कुठून हेच माहीत नव्हतं. मालक म्हणाले, "म्हंजी गाडी तुमची न्हाई." पाऊण तास उभं केलं त्यांना.

रिटायर झाले ते नुसते कागदावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आमच्या बिल्डिंगच्या दारात प्लॅस्टिकची खुर्ची आली, शिट्टी आली, आणि गाडीच्या पोटाखाली सरकवून बघायचा तो चाकांचा आरसा असतो ना, मॉलच्या दारात बघतेस तू, तोही आला. कंपनीनं जुना झाला म्हणून टाकला होता, यांनी मागून आणला. मग काय, गॅसवाला असो, दूधवाला असो, आधी वहीत सही. नवीन भाडेकरू आला तर त्याचा फ्रिज जिन्यात उघडून बघितला, आत कुणी बसलंय का म्हणून. खुद्द जावई दिवाळीला आले तर त्यांची डिकी उघडली. आत यांच्यासाठीच आणलेला मोबाइल होता, खोक्यात बांधलेला. यांनी दोरी सोडून बघितला, परत बांधला आणि म्हणाले, "जा आत. आता घरात द्या, मला म्हाईत न्हाई."

मलाही सोडलं नाही. होळीला मी वरच्या मजल्यावर देशपांडे वहिनींकडं पुरणपोळ्या घेऊन निघाले होते.

"डबा उघडा वहिनी."

"मालक, पुरणपोळ्या आहेत."

"वरची दिसती पुरणाची. खालची बघितल्याबिगर कसं सांगू?"

खालची काढली, तिथंच उभ्यानं खाल्ली, वर तूप नाही म्हणून नाराजी दाखवली आणि मला जाऊ दिलं.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. ठेंगणी, गोरी, मळवटासारखं मोठं कुंकू. तिला विचारलं की म्हणायची, "आगं, लग्नात माज्या माहेरची बैलगाडी आली ना, तवा बी ह्यांनी चारा उचकून बघितला व्हता." खरं-खोटं तिलाच ठाऊक.

आता पिक्चरचं. मालकांना हिंदी पिक्चर आवडायचे, पण फक्त गुंडांचे. प्रेमाबिमाचे नाहीत, कारण त्यात गेट नसतं. रविवारी त्यांचा दरवाजा उघडा असायचा आणि आम्ही सगळ्या जणी भाजी निवडायला घेऊन तिथंच बसायचो. व्हिलनची गाडी बँकेत शिरली की मालक उठून टीव्हीजवळ जायचे. "ह्यो गेटवाला कुठं गेला? बघा, बिडी पितोय. डिकी बघितली का? न्हाई बघितली!" पुढं दीड तास हिरो जीव तोडून मारामारी करायचा, पण मालकांचा पिक्चर तिथंच संपलेला असायचा. "माज्या गेटवर आली असती ही गाडी, तर हिरोला यायची गरज न्हवती. जेवून झोपला असता घरी."

अशा माणसाला सिनेमात घेतलं. बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक ठेकेदार राहायचा. चाकणच्या कंपन्यांना हेल्पर पुरवायचा, पॅकिंगला इतके, लोडिंगला इतके. तिथल्याच एका बंद पडलेल्या कंपनीच्या शेडमध्ये त्या सिनेमाचं शूटिंग लागलं आणि त्यांना गर्दी पाहिजे होती. ठेकेदारानं गर्दीही हेल्परांसारखीच पुरवली. जनरल शिफ्ट, आठ वाजता बस, डबा आपापला. मला किंचाळत पळणारी बाई केलं. गुडघे बघता नुसतं किंचाळणारी बाई म्हणाले असते तर बरं झालं असतं. आणि त्यांना हवा होता एक गेटवरचा म्हातारा. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं खराच आहे.

झालं! थेरगावात दोन दिवसांत फ्लेक्स लागला. मालक गॉगल घालून, शेजारी मोठ्या अक्षरात "सिनेसृष्टीत दमदार पदार्पण", आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या चौदा जणांची तोंडं. मालकांपेक्षा त्यांचीच मोठी. अक्कानं माहेरच्या सगळ्या गावांना फोन केले. मालक वरवर म्हणायचे, "काय ते लहान पोरांवानी," पण रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून त्या फ्लेक्सवरूनच जायचे.

शूटिंगच्या दिवशी शेडला काळं कापड लावून सकाळी अकराला आत रात्र केली होती. एक गेट उभारलं होतं, आडवा दांडा, खुर्ची. मालकांना गणवेश दिला. त्यांनी टोपी सरळ केली, पट्टा ओढला आणि तुला सांगते पल्लवी, सत्तरीचा माणूस पन्नाशीचा दिसायला लागला.

तिथं एक मराठी असिस्टंट बाई होती, गळ्यात वॉकीटॉकी. तिनं सीन समजावला. "काका, सोप्पं आहे. तुम्ही खुर्चीत झोपलाय. गाडी येते, हॉर्न देते. तुम्ही अर्धवट झोपेत दांडा वर करता. गाडी आत जाते. बास."

मालकांनी मान हलवली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पहिल्यांदा मालक खुर्चीत बसले, डोळे मिटले. गाडी आली, हॉर्न वाजला, आणि मालक ताडकन उभे! हात पुढं. "इंजिन बंद!"

कट. डायरेक्टर कॅप घातलेला, बारीकसा माणूस. हसला. पुन्हा केलं. पुन्हा हॉर्न, पुन्हा उभे. "काच खाली!" तिसऱ्यांदा डोळा मिटला तो एकच. चौथ्यांदा कसाबसा दांडा वर केला, पण गाडी आत गेल्यावर शिट्टी मारत तिच्या मागं पळत सुटले. आणि पाचव्यांदा तर कहर झाला. गाडीत अतिरेक्याचं काम करणारा नट बसलेला, भला माणूस बिचारा. मालकांनी असं काही बघितलं त्याच्याकडं, की तो स्वतःच खाली उतरला आणि मुकाट डिकी उघडून बाजूला उभा राहिला. डिकीत त्यांच्या त्या खोट्या बंदुका. मालकांनी एक वर उचलली आणि अख्ख्या शेडला दाखवली.

"सापडली का न्हाई!"

आम्ही पळायला उभे असलेले साठ जण खाली बसून हसलो. डायरेक्टर नाही हसला.

"चाचा, आपको सिर्फ सोना है."

"साब, सोना घरपे. गेटपे मै नही सोता."

असिस्टंट बाई मध्ये पडली. म्हणाली, काका, हे खोटं आहे, नाटक आहे. मालक तिला बाजूला घेऊन गेले, मी तिथंच पाणी पीत होते.

"पोरी, ह्ये खरं झालेलं हाय ना?"

"हो काका, खऱ्या घटनेवर आहे."

"मग तिथं गेटवर खरा माणूस असंल."

"होता. पहिला तोच गेला."

"त्यो झोपला व्हता का?"

तिनं वॉकीटॉकीचा आवाज कमी केला. मग म्हणाली, "ते कुणालाच माहीत नाही. लिहिणाऱ्यांनी तसं लिहिलंय, म्हणजे गाडी आत कशी गेली ते लोकांना पटेल."

"त्याला बायकापोरं असतील?"

"असतील ना काका."

"ती जातील पिच्चर बघाया. त्यांच्या शेजारपाजारचे बी जातील. आन सगळी म्हणतील, ह्येच्या बानं झोप काढली म्हणून एवढी माणसं मेली. सांगाया त्यो तर न्हाई." मालकांनी टोपी काढली, आतली घामाची रेघ बोटानं पुसली आणि तिच्या हातात ठेवली. "दुसरा बघा. म्या न्हाई झोपायचा."

मी म्हटलं, "अहो मालक, तिकडं फ्लेक्स लागलाय! अक्कानं गावं गोळा केलीत. डोळे मिटायचेत नुसते, दोन मिनिटं."

"वहिनी," ते म्हणाले, "बावीस वरसं न्हाई मिटले. आता दुसऱ्याच्या नावावर मिटू?"

आणि जाऊन बसमध्ये बसले. डबा मांडीवर. उघडला नाही.

ठेकेदार घाबरला. त्यानं दुसरा माणूस आणला, एक हेल्पर, तिसरी पाळी करून सरळ इकडंच आलेला. त्याला खुर्चीत बसवलं, म्हणाले झोप. तो झोपला. गाडी आली, हॉर्न वाजला, पुन्हा वाजला. तो उठेचना. घोरायला लागला. डांगे चौकात सिग्नलला वाजवतात तसा त्या नटानं हॉर्न धरून ठेवला, तरी नाही. शेवटी दुसऱ्या कुणीतरी दांडा उचलला आणि तसंच ते शूट केलं.

डायरेक्टर ते छोट्या टीव्हीवर बघत बसला. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग असिस्टंट बाईला काहीतरी विचारलं, आणि तिनं त्याला मालकांचं बोलणं सांगितलं असणार, कारण तो स्वतः उठून बसपाशी गेला.

"चाचा, आप होते तो क्या करते?"

मालक उतरले. टोपी परत मागून घेतली, घातली. आणि करून दाखवलं. खुर्चीत बसलेच नाहीत, दांड्याशी उभे राहिले. हात पुढं, टॉर्च. "इंजन बंद. काच नीचे. डिकी." नट खाली उतरला, डिकीपाशी गेला आणि आतली बंदूक काढून मालकांच्या छातीला लावली. मालक हलले नाहीत. हात तसाच आडवा. मी पाण्याचा ग्लास खाली ठेवून पुढं सरकले.

"और फिर?" डायरेक्टरनं हळू विचारलं.

"फिर क्या. फिर मरता."

"कल यही करेंगे," तो म्हणाला. पण असिस्टंट बाईनं जाताना खरं ते सांगितलं, "काका, झोपलेलं पण काढून ठेवलंय. पैसेवाल्यांना कुठलं आवडेल, ते पिक्चर लागेपर्यंत कुणाला सांगता यायचं नाही."

खरा तमाशा झाला तो घरी आल्यावर. अक्काला कळलं, उद्या मालक मरणार आहेत.

"मी हितं कुकू लावून बसलीय आन तुमी चाकणला मरायला निघालात?"

"आगं खोटं मरायचं हाय."

"खोटं बी न्हाई! तुमाला झोपाया सांगत व्हते तर झोपायचं सोडून मरण मागून आणलं!"

रात्री जेवण नाही. सकाळी मात्र अक्का डबा घेऊन आमच्या आधी बसमध्ये बसलेली. अटी घातल्या होत्या. पडल्यावर पाय दक्षिणेकडं नकोत. तोंडावर रंग नको. आणि उठल्यावर पहिला घोट तिच्या हातच्या चहाचा.

झालं असं, की तिथं गेट होतं ते असं काही, की गोळी लागून माणूस सरळ पडला तर पाय नेमके दक्षिणेला. धाड! गोळीचा आवाज झाला. मालकांनी छातीला हात लावला, आणि पडता पडता एक अर्धी गिरकी घेऊन पूर्वेकडं पाय करून व्यवस्थित आडवे झाले.

"चाचा, गोली सामने से लगी है. घूम क्यों रहे हो?"

मालकांनी पडल्या पडल्या अक्काकडं बोट केलं. अक्का डायरेक्टरच्या शेजारच्या खुर्चीत, डबा घट्ट धरून. त्याला दिशेचं समजावून सांगता सांगता असिस्टंट बाईचं हिंदी संपलं. चारदा गिरकी झाली. शेवटी त्यांनी मालकांना फिरवायचा नाद सोडला आणि गाडी, दांडा, खुर्ची, कॅमेरा, सगळं फिरवलं. दुपार गेली त्यात.

मग मात्र मालक असे पडले की काय सांगू. पडले आणि पडूनच राहिले. छातीवर लाल रंग, हात दांड्याकडं गेलेला. कॅमेरा हळूहळू जवळ येत होता. अक्काचा डबा मांडीवरून घसरला. ती उठली, "ओ," म्हणाली. मालक हलले नाहीत. "ओ, उठा आता." नाहीच. मी तिचा दंड धरून ठेवला. कट म्हटल्यावर मालक उठून बसले. "कट म्हणल्याबिगर कसा उठू? ड्युटी हाय," म्हणाले. अक्कानं चहा दिला तो निम्मा त्यांच्या शर्टावर.

पुढं वर्षभर पिक्चरचा पत्ता नाही. फ्लेक्स फाटला, त्याच्या जागी कुणाच्या तरी वाढदिवसाचा आला. मालक बोलायचे नाहीत, पण मधूनच जिन्यात मला थांबवायचे. "वहिनी, त्यांनी कंचं घेतलं असंल हो? घोरणारं, का माजं?" एवढंच. आपण दिसू का हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

लागला तेव्हा मालकांनी अख्खी एक रांग धरली. आम्ही बायका, आणि मागच्या रांगेत चाकणचे त्यांचे जुने गेटवाले, अकरा जण, ड्युटी बदलून आलेले. मालकांच्या एका बाजूला अक्का, तिच्या शेजारी मी. काळोख झाला. पडद्यावर रस्ता, गाडी, मग गेट. खुर्ची दिसली. खुर्चीत कुणीतरी असलं की संपलं. मालकांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

खुर्ची रिकामी होती.

अंधारातून एक हात पुढं आला, टॉर्च आली. "इंजन बंद." मालकांचाच आवाज. टोपीखाली तोंड दिसलं म्हणावं तर दिसलं, नाही म्हणावं तर नाही. मागच्या रांगेत गेटवाल्यांची चर्चा सुरू. "आरसा घातला न्हाई खाली." "आरे, वेळ दिला का त्यांनी?" "नोंद करून घ्यायला पायजे व्हती नंबरची." "गप रे, मरतोय त्यो!" आणि गोळी सुटली. तेवढ्यात आमच्या रांगेतून खरोखरची किंकाळी आली, "आई आई गं!" सगळं थेटर वळून बघायला लागलं. अक्कानं अंधारात मालकांच्या दंडाला चिमटा काढला होता.

"हाय ना?" अक्का.

"हाय की! आता तुज्या चिमट्यानं मरंन!"

पुढचे दोन तास जे काय झालं ते मालकांनी बघितलं नाही. सीटला टेकून शांत झोपले.

बाहेर आल्यावर फ्लेक्सवाली पोरं नाराज. "मालक, तोंड दिसलंच न्हाई राव तुमचं! आम्ही लोकांना काय दाखवायचं?"

मालक चप्पल नीट करत म्हणाले, "जागा व्हता का न्हाई त्यो?"

"व्हता."

"मग झालं." आणि अक्काला म्हणाले, "चल, रिक्षा बघ."

आता मालकांना डाव्या डोळ्यानं कमी दिसतं, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. अक्काचं ऐकू येणं गेलंय, त्यामुळं भांडणं मोठ्यानं होतात, गल्लीला ऐकू येतात. मी महिन्यातून एकदा जाते रहाटणीहून. मालक नेहमी विचारतात, "वहिनी, पिच्चर बघितलेलं कोणी हाय का तुमच्यात? त्या माणसाबद्दल लोक काय म्हणत्यात?" मी काय सांगणार? माझी भाची म्हणाली सुरुवात स्लो होती, हे सांगू?

तेव्हा ती सुरुवात न पळवता बघ आणि तूच ये. जावईबापूंना सुट्टी नसली तर एकटी ये, बस वाकडला सोडते, मी घ्यायला उभी राहीन. दोघी मिळून थेरगावला जाऊ, त्यांच्यापाशी दोन तास बसू, तुला काय वाटलं ते त्यांना तुझ्या तोंडानं सांग. गुरुवारी आलीस तर उत्तम, इकडच्या कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, रस्ते मोकळे मिळतात. ऑपरेशनच्या आधी ये हं. लवकर ये.